बुटक्याचा हात

परवा माझ्या भाचीने जेवणाच्या टेबलावर माझ्यापुढे एक कागद ठेवला. मधोमध उभी रेघ, डावीकडे 'फायदे', उजवीकडे 'तोटे', आणि खाली सगळं कोरं. तिला एका इंजिनिअरिंग सर्व्हिसेस कंपनीतून नोकरीचं पत्र आलंय. म्हणाली, "मावशी, तू एकतीस वर्षं हेच केलंस ना? भर बरं हा कागद."

मी म्हटलं, "रेघ वाकडी आहे."

"मावशी!"

"बरं बाई. पण हे असं दोन खणांत मला नाही जमायचं. मी काय वाण्याला यादी देतेय? तुला पिवळेसाहेबांबद्दल सांगते. मग तुझं तू ठरव."

तिला जे सांगितलं ते हे.

आमची कंपनी स्वतः काहीच बनवत नव्हती. कारखाना दुसऱ्याचा, यंत्रं तिसऱ्याची. आम्ही फक्त कागद करायचो. पाइप कुठून कुठे जाणार, पंप कुठे बसणार, जिन्याला पायऱ्या किती, पाइप उघडायचं-बंद करायचं व्हॉल्व्हचं चाक जमिनीपासून किती उंच. ड्रॉइंग झालं की ते क्लायंटकडे जायचं आणि आपला त्याचा संबंध संपायचा. सासरी दिलेली लेक निदान चार दिवस माहेरी तरी येते, आमचे कागद गेले ते गेलेच. माझे वडील या सगळ्याला उंटावरून शेळ्या हाकणं म्हणायचे. मला राग यायचा, कारण ते खरं होतं.

मी डिप्लोमा करून लागले तेव्हा बावीस वर्षांची होते. त्याआधी तीन कारखान्यांनी मला परत पाठवलं होतं. "मुलीला मशीनपाशी कुठे उभी करणार?" म्हणे. या कंपनीनं मात्र काही न विचारता टेबल दिलं. तिसऱ्या मजल्यावरचा लांबच लांब हॉल, एका ओळीत पाइपवाले, पलीकडे बांधकामवाले, त्यांच्या पाठीमागे विजेवाले. काही अडलं की खुर्ची फिरवायची आणि विचारायचं. सहा महिने कागदाची गिरणी, मग रंगाचा कारखाना, मग पाणी शुद्ध करायचं केंद्र. एकाच कारखान्यात जन्म काढला असता तर यातलं निम्मंही शिकले नसते. आजही त्या हॉलचा वास मला आठवतो, ताज्या छपाईचा आणि थंडगार चहाचा. चहा नेहमी थंडच व्हायचा, कारण क्लायंटचा फोन नेमका तेव्हाच यायचा.

आणि खिडकीपाशी बसायचे पिवळेसाहेब.

हे त्यांचं आडनाव नव्हे. ते आमचे चेकर, म्हणजे आम्ही काढलेलं ड्रॉइंग बाहेर जाण्याआधी तपासणारे. ड्रॉइंग कॉम्प्युटरवर काढलेलं असलं तरी तपासायचं कागदावर, चादरीएवढं छापून. त्यांच्यापुढे तीन पेन्सिली असायच्या. जे बरोबर त्यावर पिवळा रंग. जे चूक तिथे लाल. चूक सुधारून आली की हिरवा. प्रत्येक रेघ, प्रत्येक आकडा, प्रत्येक बाण पिवळा झाल्याशिवाय कागद सुटायचा नाही. चौतीस वर्षं हेच केल्यामुळे त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं कायमची पिवळट झाली होती. ते म्हणायचे, "पिवळं केलं याचा अर्थ मी पाहिलं. जे पिवळं नाही ते मी पाहिलेलंच नाही. आणि पिवळं असून चूक निघाली, तर ती माझी."

माझं पहिलं ड्रॉइंग त्यांच्याकडे गेलं तेव्हा मला वाटलं होतं, शाबासकी मिळणार. त्यांनी बोलावलं आणि म्हणाले, "उभी राहा. समज, इथे तुझा पाइप आहे आणि हे त्याचं चाक. हात वर कर. आता फिरव."

सगळ्या हॉलसमोर मी हवेत चाक फिरवलं. मागे कुणीतरी खुदकन हसलं.

"पोचला हात?"

"पोचला."

"तुझा पोचला. बुटक्याचा?"

"कोण बुटका?"

"तिकडे रोज आठ तास हे चाक फिरवणारा. तो तुला दिसत नाही, मग तो उंचच असेल असं कशावरून धरलंस? बुटका धर. त्याचा हात पोचला की सगळ्यांचा पोचतो."

माझं डोकं फिरलं. "मग त्याला एक स्टूल द्या की!"

हॉलमधल्या खुर्च्या गर्रकन माझ्याकडे फिरल्या. नवी पोरगी चेकरला उलट बोलते म्हणजे काय! पिवळेसाहेब मात्र पोट धरून हसले. त्या दिवसापासून मी त्यांची 'मिरची' झाले. चाक मात्र मी वीतभर खाली आणलं.

हा बुटका आमच्या हॉलमध्ये सगळ्यांना ठाऊक होता. जिन्याची पायरी उंच झाली की साहेब विचारायचे, "बुटका काय उड्या मारत जाणार का?" दाब दाखवणारा मापक डोक्याच्या वर गेला तर, "बुटक्यानं मान मोडून घ्यायची का?" एक मात्र होतं. त्याला कुणी कधी पाहिलेलं नव्हतं, साहेबांनीसुद्धा नाही. कारण चौतीस वर्षांत साहेबांनी स्वतः तपासलेलं एकही काम उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं.

आता हे ऐकून कुणालाही नवल वाटेल, पण आमच्या धंद्याची रीतच ती. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात एक चौकट असते. तिच्यात क्लायंटचं नाव ठसठशीत, आमच्या कंपनीचं बारीक, आणि तळाशी तीन इवलेसे खण, काढणाऱ्याचा, तपासणाऱ्याचा आणि मंजूर करणाऱ्याचा. त्यात आपल्या नावाची दोन अक्षरं, बस्स. कारखान्याचं उद्घाटन झालेलं आम्हाला पेपरात कळायचं. फोटोत आमचा जिना दिसायचा आणि त्यावर उभी माणसं दुसरीच.

साहेबांची एकच इच्छा होती. एकदा, निवृत्त व्हायच्या आधी, आपण तपासलेलं एखादं काम जाऊन बघायचं. हात लावून बघायचं. त्यांनी ते लपवलंही नव्हतं. काकू, म्हणजे त्यांची बायको, तर उघडच टोमणे मारायच्या. "बाकीच्यांचे नवरे घरं दाखवतात, पूल दाखवतात. तुमचा जन्म कशात गेला ते एकदा मला दाखवा तरी."

एका रविवारी त्यांनी खरंच काकूंना बसनं एका कारखान्यापाशी नेलं. दारावरच्या रखवालदारानं पत्र मागितलं. पत्र कुठलं असणार? मग दोघं रस्त्याच्या पलीकडून कुंपणाच्या भिंतीवरून बघत बसली. काकू अगदी ठेंगण्या, साहेबांच्या छातीला लागतील एवढ्याच, म्हणून साहेबांनी त्यांना उभं राहायला एक दगड लोटत आणला. एवढं करून दिसली ती फक्त चिमणी. "आणि ती चिमणी ह्यांची नव्हतीच गं," काकू मला हसत हसत सांगायच्या. "ती म्हणे दुसऱ्या खात्याची!" साहेबही हसायचे. पण त्यांचा चेहरा मला बघवायचा नाही.

त्यांनी रीतसर परवानगीही मागून पाहिली होती. मोठे साहेब, म्हणजे आमच्या शाखेचे प्रमुख, म्हणाले, "तुम्ही तिथे जाऊन काय करणार? आणि ते दोन दिवस मी कुठल्या कामाच्या नावावर लिहू?" आमच्याकडे प्रत्येक अर्धा तास एका तक्त्यात कुठल्या ना कुठल्या क्लायंटच्या नावावर लिहावा लागायचा. स्वतःचं काम डोळे भरून पाहणं, याला त्या तक्त्यात खण नव्हता.

असंच चाललं असतं. पण माझ्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मला काहीतरी वेगळं दिसायला लागलं. साहेब कागद नाकाशी धरायचे. मान तिरकी करून डोळ्याच्या कडेनं बघायचे. एकदा तर त्यांनी एकच रेघ दोनदा पिवळी केली आणि तिच्या शेजारची सोडून दिली. डोळ्यात तेल घालून बघणारा माणूस हा! मी जेवणाच्या सुट्टीत त्यांना गाठलं.

"साहेब, डोळ्यांना काय झालंय?"

आधी त्यांनी उडवून लावलं. मी हलेना, तेव्हा हळूच म्हणाले, "मधोमध डाग पडलाय, मिरची. दोन्हीकडे. ज्याच्याकडे बघायला जावं तेच नेमकं दिसत नाही, आजूबाजूचं दिसतं. डॉक्टर म्हणतात, वाढत जाणार. इलाज नाही." मग म्हणाले, "निवृत्तीला तीन महिने राहिलेत. कुणाला बोलू नकोस."

 कंपनीला कळलं असतं तर दुसऱ्याच दिवशी त्यांना टेबलावरून उठवलं असतं. आणि ती बघायची इच्छा? डोळे तर आता निवृत्तीपर्यंतही थांबायला तयार नव्हते. मी तोंड शिवलं. त्यांच्याकडे जाणारा हॉलमधला प्रत्येक कागद आधी गुपचूप मी तपासायला लागले. मला वाटायचं, मी किती शहाणी!

आणि मग साइटवरून फोन आला.

माझं वर्षभरापूर्वीचं ड्रॉइंग. एका पाणी केंद्राची दोन पंपघरं, समोरासमोर, एक म्हणजे दुसऱ्याची आरशातली छबी. असं असलं की आम्ही एकच काढायचो आणि कॉम्प्युटरला सांगायचो, उलटव. एका बटणात दुसरं तयार. भिंती उलटतात, पाइप उलटतात, जिना उलटतो. पण व्हॉल्व्ह बाजारातून विकत येतो आणि त्याचं चाक असतं एकाच ठरलेल्या बाजूला. तो काही आपल्यासाठी उलटत नाही. माझ्या कागदावर दुसऱ्या पंपघरातली चाकं झोकात मोकळ्या बाजूला होती. प्रत्यक्षात बसली ती खांबाकडे तोंड करून. चाक आणि खांब यांच्यात जेमतेम चार बोटं जागा. हात घालायचा कसा? क्लायंट खवळला होता. कुणाची चूक ते सांगा आणि माणूस पाठवा, म्हणाला.

मोठ्या साहेबांनी आम्हा दोघांना आत बोलावलं. माझी नोकरी अजून कायम झालेली नव्हती. पाचावर धारण बसणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. टेबलावर तपासणीचा जुना कागद पसरला होता. त्या चाकांवरून पिवळा रंग सफाईनं फिरलेला.

मी बोलून टाकलं, "सर, चूक माझी आहे. मी उलटवताना..."

"तू गप्प बस," पिवळेसाहेब म्हणाले. कागदावर वाकून त्यांनी ती जागा डोळ्याच्या कडेनं शोधली, तिच्यावर बोट ठेवलं. "रेघ पिवळी आहे. पिवळी म्हणजे माझी. पोरीचा प्रश्नच येत नाही."

"मग आता तुम्हीच जा," मोठे साहेब कडाडले. "तिथे उभं राहून शिव्या खा आणि उपाय काढून या!"

 मला वाटलं, पिवळेसाहेबांना ही शिक्षा म्हणावी की बक्षीस! मनात 'आंधळा मागतो एक डोळा' आलं आणि मी जीभ चावली. साहेब फक्त म्हणाले, "टेप धरायला हिला बरोबर द्या." टेपवरचे आकडे त्यांना दिसणार नव्हते, हे तिथे मला एकटीला ठाऊक होतं.

पहाटेच्या बसनं सहा तास. साहेबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. दारावर रखवालदारानं पत्र पाहिलं, दोघांना हेल्मेट दिली आणि चक्क सलाम ठोकला. साहेब माझ्या कानाशी म्हणाले, "हे काकूला नक्की सांग हं."

आत मी त्यांचा हात धरायला गेले, तर त्यांनी सोडवून घेतला. आणि काय सांगू, तो माणूस सरळ चालत सुटला! "आता तीन पायऱ्या," म्हणाले आणि न बघता तीन पायऱ्या चढले. "इथे डाव्या हाताला गटार असणार, जाळी नीट बसवलीय का बघ." होती. "आता पहिलं पंपघर. दारातून आत गेलं की उजवीकडे कठडा." हात लांब केला आणि कठडा तळव्यात आला. त्यांनी तो घट्ट धरला, सोडेचनात. मला रडू आलं, मी हेल्मेटचा पट्टा नीट करत बसले.

तेवढ्यात आतून ऑपरेटर आला. पन्नाशीचा, निळे कपडे, आणि उंची म्हणाल तर माझ्या खांद्याएवढी.

मी साहेबांकडे बघितलं. त्यांना अजून नीट दिसलं नव्हतं.

ऑपरेटर बोलका होता. "अजून पाणी सोडलेलं नाही, चाचणी चाललीय. हे पहिलं पंपघर म्हणजे काय सांगू, सोनं आहे! आधीच्या कारखान्यात मी अठरा वर्षं स्टूल घेऊन फिरलो. या चाकाखाली स्टूल, त्या चाकाखाली स्टूल. दोनदा पडलो. इथे पहिल्याच दिवशी स्टूल बाहेर ठेवलं. ज्यानं कुणी हे काढलंय ना, त्यानं कुणातरी बुटक्याला समोर उभं करून काढलंय, लिहून देतो."

साहेबांनी मान तिरकी केली. डोळ्याच्या कडेनं त्या माणसाला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं.  मग म्हणाले, "तुम्हीच होय ते!"

"कोण ते?"

"काही नाही," साहेब म्हणाले. "तुमची बरीच वर्षांची ओळख आहे."

ऑपरेटरनं माझ्याकडे पाहिलं, म्हातारा जरा इकडचा तिकडचा आहे का, अशा नजरेनं. मग म्हणाला, "पण ते दुसरं पंपघर! ते कुणी काढलं हो? दिवसातून दहा वेळा उघडझाप करायला लावतात आणि मधे खांब." त्यानं उजवा हात पुढे केला. चारही बोटांच्या पेरांवरची सालं गेली होती. एकावर पट्टी.

ते कागद काढणारी मी तिथेच उभी होते. कागदावर खांब म्हणजे चार रेघांचा चौकोन. त्याला कातडी सोलता येते हे मला तोवर माहीतच नव्हतं.

साहेबांनी तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. अगदी डोळ्यांपाशी नेला, तिरका धरला, एकेक बोट पाहिलं. एखादं ड्रॉइंग बघावं तसं.

"माझी चूक," ते म्हणाले. "मी पिवळं केलं आणि पाहिलं नाही."

त्याला यातलं काही कळलं नाही. उलट तोच अवघडला. "अहो साहेब, औषध लावलंय. होईल बरं."

उपाय निघायला तासभर लागला. साहेबांनी त्याला खांबासमोर उभं केलं, हवेत चाक फिरवायला लावलं, मी टेप धरली, आकडे मोठ्यानं वाचले. प्रत्येक चाकाला दांडा जोडून ते खांबाच्या पुढे आणायचं ठरलं. क्लायंटचा माणूस शिव्या द्यायला आला होता, तोही शेवटी कागद धरून उभा राहिला. निघताना साहेब म्हणाले, "पाच मिनिटं," आणि पहिल्या पंपघरात परत गेले. तिथली एकोणीसच्या एकोणीस चाकं त्यांनी एकेक करून फिरवली. ऑपरेटर शेजारून चालत होता आणि मोजत होता. मी दारात थांबले.

परतीच्या बसमध्ये ते म्हणाले, "सोमवारी मोठ्या साहेबांना डोळ्यांचं सांगणार. टेबल सोडणार."

"अहो, तीनच महिने राहिलेत! मी आधी सगळं तपासतेच ना..." मी बोलून गेले आणि माझं मलाच कळलं.

ते रागावले नाहीत. "म्हणजे बघतेस तू, आणि पिवळं करतो मी. मग ते माझं पिवळं खोटंच की गं. त्या माणसाची बोटं पाहिलीस ना?" मग खिशातून त्यांनी पिवळी पेन्सिल काढली आणि माझ्या पर्समध्ये टाकली. मी खिडकीबाहेर बघत भांडत राहिले, पण पालथ्या घड्यावर पाणी. पुढे मीही चेकर झाले. पिवळ्या पेन्सिली किती झिजवल्या त्याला गणती नाही, त्या एकीला मात्र कधी टोक काढलं नाही.

संध्याकाळी त्यांना घरी सोडायला गेले. काकू दारातच होत्या, पदरानं हात पुसत. "काय मग? बघितलंत एकदाचं? सांगा तरी, कसं दिसतं?"

साहेब खुर्चीवर बसून बूट काढत होते. म्हणाले, "दिसलं नाही गं फारसं."

काकूंचा चेहरा उतरला. डोळ्यांचं त्यांना ठाऊक होतं.  मी पाणी आणते म्हणून स्वयंपाकघरात शिरले आणि जागच्या जागी थबकले. फळी, खुंट्या, दिव्याचं बटण, खिडकीची कडी, सगळं खाली. एकेका गोष्टीला हात लावायला मला वाकावं लागत होतं. चौतीस वर्षं आमच्या हॉलमध्ये वावरणाऱ्या बुटक्याचं माप कुठून आलं होतं, ते मला तेव्हा कळलं.

बाहेर आले तर साहेब उठून उभे होते. "इकडे ये," ते काकूंना म्हणत होते. "इथे उभी राहा. आता हात वर कर. अंहं, एवढा नाही, जरा खाली. हं. हे चाक आहे असं समज. फिरव."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं, लाजल्या, आणि हवेत हात फिरवला. साहेबांनी आपला हात त्यांच्या हातावर ठेवला आणि बरोबर फिरवला.

"पोचतोय?" त्यांनी विचारलं.

"पोचतोय की," काकू म्हणाल्या.

"हेच दाखवायचं होतं तुला," साहेब म्हणाले.